मालगुजारी तलावात ऑलिंपस टफ टीजी-६: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

ऑलिंपस कंपनीचा टफ टीजी-६ हा कॅमेरा मी गेले दोन हिवाळे आमच्या गावच्या मालगुजारी तलावात, म्हणजे धानाला पाणी मिळावे म्हणून जुन्या काळी बांधलेल्या गावतलावात, वापरतो आहे. पुढे लिहिलेले सगळे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाण्यात उतरून, छातीइतक्या पाण्याच्या पलीकडे न जाता, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात स्नॉर्कल ही श्वासाची नळी लावून काढलेल्या छायाचित्रांवर आधारलेले आहे. या कॅमेऱ्याची जी परीक्षणे वाचायला मिळतात ती बहुतेक निळ्या, खाऱ्या आणि दूरपर्यंत दिसणाऱ्या समुद्रातली असतात. आमच्याकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, पाणी गोडे, हिरवट आणि गाळाचे असते. अशा पाण्यात हा कॅमेरा कसा वागतो हे मला आधी कोणी सांगितले असते, तर माझा पहिला हिवाळा जवळजवळ वाया गेला नसता.

त्याआधी एकदा शाळेच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. तिथे होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपर्यंत नेतात, प्रशिक्षक नवख्या माणसाला धरून खाली घेऊन जातो आणि छायाचित्रे त्यांचीच माणसे काढून देतात. अनुभव चांगला होता, पण खडकाच्या खोबणीतून डोके काढणारा एक मासा पूर्ण बाहेर येईपर्यंत मला थांबायचे होते आणि थांबता आले नाही, कारण वर होडीत पुढची माणसे खोळंबली होती. किनाऱ्यावरून पायी पाण्यात उतरणाऱ्यांना ही घाई नसते. बालीच्या तुलांबेन गावापाशी, १९४२ साली टॉर्पेडो लागून निकामी झालेले लिबर्टी हे जहाज किनाऱ्यावरून सहज पोहत जाण्याइतक्या अंतरावर बुडालेले आहे. अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, निमो रीफ नावाची जागा वाळूवरून चालत जाऊन गाठता येते. अशा ठिकाणी छायाचित्रकार एकाच दगडापाशी चार-चार दिवस जाऊ शकतो. आमच्या तलावात प्रवाळ नाही आणि पाठीवर सिलिंडर लावावा इतकी खोलीही नाही, पण पाळ घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि तिथे माझी वाट पाहत कोणी थांबलेले नसते. या एका सोयीसाठी मी कॅमेरा घेतला, तोही वापरलेला.

टीजी-६ हा २०१९ साली बाजारात आला. वेगळे आवरण न घालता तो १५ मीटर खोलीपर्यंत पाण्यात नेता येतो. आमच्या कामाला दीड मीटर पुरते, त्यामुळे या आकड्याचा मला प्रत्यक्ष उपयोग नाही, फक्त मनाला निर्धास्तपणा मिळतो. १२ मेगापिक्सेल, ४ पट झूम, एफ २.० ची, म्हणजे बराच प्रकाश आत घेणारी, भिंग आणि कच्च्या म्हणजे रॉ स्वरूपात छायाचित्र साठवण्याची सोय, ही बाकी वैशिष्ट्ये. एका चार्जमध्ये साधारण ३४० छायाचित्रे निघतात असे कंपनी सांगते. थंडीच्या सकाळी, पडदा सतत चालू ठेवून, मला त्याहून बरीच कमी मिळतात, म्हणून दुसरी बॅटरी घरी चार्ज करून ठेवतो. घरीच ठेवतो, पिशवीत नेत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

या कॅमेऱ्याचा खरा गुण म्हणजे त्याचा मायक्रोस्कोप मोड. भिंगापासून अवघ्या १ सेंटीमीटरवर असलेली वस्तू तो स्पष्ट टिपतो. समुद्रात फिरणाऱ्याला ही एक जास्तीची हौस वाटेल, पण तलावात सगळा जीव याच मोडमध्ये आहे. पाण्यात छायाचित्र बिघडते ते भिंग आणि मासोळी यांच्यामध्ये असलेल्या पाण्यामुळे. त्या पाण्यात गाळाचे कण असतात, सूक्ष्म शेवाळ असते, कुजलेल्या पानांचा रंग उतरलेला असतो. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात आधी तांबडा रंग हरवतो आणि निळा उरतो. आमच्या पाण्यात निळाही शोषला जातो आणि उरतो तो हिरवा-पिवळा. एक मीटर अंतरावरून काढलेली माझी पहिली दोनशे छायाचित्रे मुगाच्या वरणासारखी दिसतात. त्यात मासा आहे हे मला माहीत आहे म्हणूनच मला तो दिसतो. पहिल्या हिवाळ्यात मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दोष शोधत राहिलो आणि जानेवारी संपता संपता लक्षात आले की हात लांब करायचा आहे, इतकेच. वीतभर अंतरावरून तेच पाणी जवळजवळ नाहीसे होते. चार बोटांवरून तर ते काचेसारखे वाटते.

याचे उदाहरण म्हणून एक वनस्पती सांगतो. आमच्या तलावाच्या उथळ कडेला, देवधानाच्या, म्हणजे जंगली भाताच्या, दांड्यांमध्ये, पिवळ्या फुलांची एक बिनमुळाची वनस्पती तरंगते. शास्त्रात तिला युट्रिक्युलारिया म्हणतात. वरून पाहिले तर ती हिरव्या केसांचा गुंता वाटते. मायक्रोस्कोप मोड लावून भिंग तिच्यात अक्षरशः खुपसले, तेव्हा पडद्यावर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान अशा पारदर्शक पिशव्या दिसू लागल्या. प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी बारीक केस होते, आणि एका पिशवीत काळा ठिपका होता. घरी येऊन संगणकावर मोठे करून पाहिले तर त्या ठिपक्याला पाय होते. ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पचवते. तोंडाजवळच्या केसांना धक्का लागला की झडप उघडते, पिशवी पाणी ओढून घेते आणि पाण्याबरोबर तो जीवही आत जातो. वर्गात हे मी बरीच वर्षे शिकवले आहे. आमच्याच तलावातल्या पिशवीत ते पाहिल्यावर मी ओल्या कपड्यांनी बराच वेळ पाळीवर बसून होतो.

त्या छायाचित्रात एक मर्यादाही दिसते. इतक्या जवळून काढताना स्पष्टतेची पट्टी कागदाइतकी पातळ असते. पिशवीचे तोंड स्पष्ट आले तर पाठ धूसर राहते. कॅमेऱ्यात फोकस स्टॅकिंगची सोय आहे, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेली अनेक छायाचित्रे घेऊन तो त्यांचे एक छायाचित्र बनवतो. पण वनस्पती पाण्याबरोबर डुलत असते आणि मीही डुलत असतो, त्यामुळे पाण्याखाली ही सोय मला फारशी उपयोगी पडली नाही. काठावर पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन, त्यात गोगलगाय किंवा चतुराची अळी ठेवून काढायचे असेल तर मात्र ती फार छान चालते. काढून झाल्यावर तो जीव जिथून घेतला तिथेच सोडावा.

माशांसाठी दुसरी पद्धत लागते. आमच्या तलावात चंदा नामा या शास्त्रीय नावाचा बोटभर लांबीचा मासा आहे, जो इतका पारदर्शक असतो की त्याचा कणा आणि पोटातली हवेची पिशवी बाहेरून दिसते. तो थव्याने राहतो, दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खातो, आणि पाठलाग केला की क्षणात दिसेनासा होतो. गावातल्या ज्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, काकांनी मला तलावात कुठे उभे राहायचे ते दाखवले, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “गुरजी, पानी हालवू नोका, मासोरी आपनच येते.” मी ते ऐकले नाही आणि महिनाभर माशांच्या शेपट्यांची छायाचित्रे काढली. आता मी कमरेइतक्या पाण्यात गुडघे टेकून बसतो, कॅमेरा दोन्ही हातांनी समोर धरतो, पायाखालचा उठलेला गाळ बसेपर्यंत पाच-सात मिनिटे हलत नाही, आणि तोपर्यंत एखाद्या देठावर फोकस लावून ठेवतो. गढूळ पाण्यात कोणत्याही छोट्या कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस चाचपडतो, कारण त्याला धरायला कड सापडत नाही. टीजी-६ मध्ये फोकस एका अंतरावर अडकवून ठेवता येतो, आणि तेच करावे. मग मासा त्या अंतरावर येण्याची वाट पाहणे एवढे उरते.

माझे सगळ्यात आवडते छायाचित्र ऑक्टोबरमधले आहे. मरळीची पिल्ले नारिंगी-तांबड्या रंगाची असतात आणि शेकड्यांनी एकत्र राहतात. कमळाच्या पानाच्या सावलीत त्यांचा एक गोळा, ओंजळीत मावेल एवढा, सतत आकार बदलत वरखाली होत होता. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे, त्यामुळे पिल्लेही पृष्ठभागापर्यंत येऊन परत खाली जात होती आणि त्यांच्या येण्याने पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखे ठिपके उमटत होते. काका म्हणाले, खाली पाहा. खाली, जिथे हिरवे पाणी काळे होत जाते तिथे, हातभर लांबीची मरळ स्थिर उभी होती आणि तिचा डोळा माझ्याकडे होता. पालक मासे पिल्लांची राखण करतात हे पुस्तकात असते. तो डोळा मात्र त्या दिवशीच पाहिला. मी तिच्याकडे सरकलो नाही. हात लांब करून, सगळ्यात रुंद कोनावर, पिल्लांचा गोळा पुढे आणि ती मागे अशी अकरा छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकात दोन्ही आले आहे. मागची मरळ धूसर आणि दाणेदार आहे, कारण प्रकाश कमी होता आणि या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने ती स्वच्छ आली असती, हे मान्य करायलाच हवे. पण तसा कॅमेरा आणि त्याचे पाण्याखालचे आवरण घेण्याइतका पैसा माझ्याकडे नाही, आणि असता तरी ते धूड एका हाताने कमळाच्या पानाखाली सरकवता आले नसते.

प्रकाशाबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल, कारण इथे सगळेच चुकतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश तलावात बंद ठेवावा. तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने समोरच्या प्रत्येक कणावर आपटून परत येतो आणि छायाचित्रात धुके पडल्यासारखे पांढरे ठिपके भरतात. प्रकाश बाजूने, तिरका यायला हवा. त्यासाठी मी बाजारातून पाण्यात चालणारी म्हणून विकली जाणारी एक टॉर्च घेतली होती. तिसऱ्याच दिवशी तिच्या काचेत पाणी दिसले आणि दुकानदाराने ती परत घेतली नाही. नंतर मी सूर्यावरच भिस्त ठेवली. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, सूर्य पाठीमागे आणि थोडा एका खांद्यावर, पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत: एवढ्या खोलीत हिवाळ्यातले ऊन पुरेसे असते आणि रंगही बरेच टिकतात. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंग खरे यावेत म्हणून, मी शाळेतल्या पाटीच्या मागे पांढरा पत्रा लावून घेतला आहे. पाण्यात उतरल्यावर तो समोर धरून कॅमेऱ्याला पांढरे काय ते दाखवतो. कॅमेऱ्यातले तयार अंडरवॉटर मोड निळ्या पाण्यासाठी बनवलेले आहेत आणि आमच्या हिरव्या पाण्यात ते रंग गुलाबीकडे झुकवतात. रॉ स्वरूपात साठवले की उरलेसुरले नंतर सुधारता येते.

आता सीलबद्दल. बॅटरी आणि कार्डच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची पट्टी असते आणि कॅमेऱ्याचा सगळा जीव तिच्यात असतो. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये, पाऊस उघडला म्हणून मी पाळीवरच बसून बॅटरी बदलली. हवा दमट होती. ती दमट हवा आत बंद झाली, कॅमेरा थंड पाण्यात गेला आणि पाच मिनिटांत भिंगाच्या आतून वाफ धरली. चूक माझी होती. दोन दिवस कॅमेरा झाकण उघडून कोरड्या डब्यात ठेवला तेव्हा ती गेली. तेव्हापासून बॅटरी घरीच, पंख्याखाली, कोरड्या हातांनी बदलतो, झाकण लावण्यापूर्वी सीलवरून मऊ स्वच्छ कपडा फिरवतो आणि उजेडात धरून एखादा केस, धाग्याचा तुकडा किंवा गाळाचा कण राहिला नाही ना ते पाहतो. गोड्या पाण्यात मीठ नसते म्हणून कॅमेरा धुवायला नको, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आमचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि बटणांच्या फटीत जाऊन बसतो, म्हणून परत आल्यावर कॅमेरा अर्धा तास बादलीभर स्वच्छ पाण्यात ठेवून पाण्यातल्या पाण्यात बटणे दाबावीत. सील वर्षातून एकदा बदलावे अशी कंपनीचीच शिफारस आहे.

हा कॅमेरा पाण्यात बुडतो, आणि आमच्या तळाच्या गाळात बुडालेली वस्तू पुन्हा सापडत नाही. मी मनगटाच्या दोरीला कॅमेरा बांधतो आणि त्याच दोरीचे दुसरे टोक सुकलेल्या भोपळ्याला बांधतो. भोपळा माझ्या डोक्यावर तरंगत राहतो, त्यामुळे डोंगा वल्हवत येणाऱ्यालाही खाली माणूस आहे हे कळते.

चांगला कॅमेरा असूनही तलाव चुकीचा निवडला तर काही हाती लागत नाही. पूर्व विदर्भातले हे तलाव कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी धानाच्या बांध्यांना पाणी मिळावे म्हणून बांधले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनमहसुलाची जुनी पद्धत, संपल्यावर ते सरकारकडे गेले. आज त्यांची अवस्था एकसारखी नाही. ज्या तलावात पाण्याखालच्या वनस्पती शाबूत आहेत, तिथे त्या वनस्पतीच गाळ धरून ठेवतात आणि डिसेंबरमध्ये चार-पाच फुटांपर्यंत दिसते. ज्या तलावाचा तळ यंत्राने खरवडून काढला आहे किंवा जिथे वनस्पती खाणारा गवत्या मासा आणि तळ उकरणारा सायप्रिनस सोडला आहे, तिथे त्याच महिन्यात स्वतःचा तळहात दिसत नाही. भंडारा-गोंदियात काही गावांमध्ये ढिवर बायकांनी पुढाकार घेऊन तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. अशा तलावात मी एकदाच उतरलो. तिथे हायड्रिलाच्या दांड्यांमधून ऊन तळापर्यंत पोहोचत होते आणि झिंगे दिसत होते, एकेक मिशी वेगळी दिसावी इतके स्पष्ट.

उतरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. मासेमारीचा हक्क बहुधा मत्स्य सहकारी संस्थेकडे असतो आणि कुठे जाळी लावली आहेत हे तिच्या सभासदांनाच माहीत असते. पाण्यात टाकलेले जाळे हिरव्या पाण्यात हातावर येईपर्यंत दिसत नाही, म्हणून कमरेला छोटी सुरी ठेवावी आणि काठावर एक माणूस बसवावा. शिंगाड्याच्या भागात जाड तळाचे बूट घालावेत. त्याचा काटा चपलेतून आत जातो. तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या जागी, जाऊच नये. पहिल्या पावसानंतर आणि धानावर फवारणी चालू असताना शेतातले सगळे पाणी तलावात येते, त्या दिवसांत मी उतरत नाही. खोल श्वास घेत घेत दम कोंडून खाली राहण्याची चढाओढ कोणी करू नये, उथळ पाण्यातही माणूस बेशुद्ध होतो. नवेगावबांधसारखे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात आणि ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत. अशा ठिकाणी हा विचारही मनात आणू नये.

दुसरे काय घेता येईल असे मला विचारले जाते. पाण्यात चालणारे छोटे ॲक्शन कॅमेरे चित्रीकरणाला उत्तम आहेत, पण त्यांची भिंग रुंद कोनाची आणि बहुधा एकाच फोकसची असते. चार बोटांवरची वस्तू त्यांत धूसर येते, आणि आमचे सगळे काम चार बोटांवरचे आहे. मोबाइलसाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर मी भरवसा ठेवणार नाही, शिवाय पाण्यात पडद्याला स्पर्श कळत नाही. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ साली वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये ओएम सिस्टीम या नावाने टीजी-७ आला. त्यात यूएसबी-सी आहे, पकड थोडी सुधारली आहे, पण भिंग आणि मायक्रोस्कोप मोड मुळात तेच आहेत. म्हणून चांगल्या अवस्थेतला वापरलेला टीजी-६ मिळत असेल तर तो घ्यावा, मात्र घेण्यापूर्वी झाकण उघडून सीलवर चीर आहे का ते भिंगाने पाहावे. पाचपैकी मी याला चार गुण देतो. एक गुण कमी प्रकाशातल्या दाणेदारपणासाठी वजा केला आहे.

मरळीचे ते छायाचित्र मोठे छापून मी मत्स्य संस्थेच्या खोलीत लावायला दिले. काकांनी ते बराच वेळ पाहिले आणि धूसर भागावर बोट ठेवून मरळीच्या पोटाखाली, माझ्या नजरेतून सुटलेला, दुसरा मासा दाखवला. नर आणि मादी दोघेही तिथे होते. येत्या ऑक्टोबरमध्ये त्याच कमळापाशी पुन्हा बसायचे ठरले आहे. त्याआधी, मे महिन्यात पाणी आटेल तेव्हा, सील बदलून घेतो.